घाणीचं की पिशवीचं?

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीतील भाषण)



तेल एकत्र घ्यायचं ठरलं आणि लगेच दोन तट पडले. काहींना करडईचं घाणीचंच हवं, काहींना सोयाबीनची पिशवी, कारण ती स्वस्त. ठरावाआधी थोडं ऐकून घ्या.

ताकद सगळ्या तेलांची सारखीच. एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, मग तेल महाग असो की स्वस्त. पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असं ठळक छापतात. अहो, ते दाण्या-बियांच्या तेलात नसतंच! त्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

फरक असतो तो चरबीच्या जातीत. पामतेलात जवळपास निम्मी चरबी थिजणारी, ती हृदयाला बरी नाही. करडई, सूर्यफूल, सोयाबीनमध्ये ती बरीच कमी, शेंगदाणा मधला. ओमेगा-3 जवसात भरपूर, सोयाबीनमध्ये थोडं, करडईत नसल्यासारखंच. म्हणून वर्षभर एकच तेल धरून बसू नका, आलटूनपालटून वापरा. जवसाचं तेल मात्र तापवायचं नाही. त्यापेक्षा जवसाची चटणी करा, पोरंही खातात.

चवीला माझा कौल घाणीलाच. ठेच्यावर कच्चं करडईचं तेल, वांग्याच्या भरताला शेंगदाण्याचं. रिफाइंडमध्ये ती गोडी येत नाही, कारण त्याचा वासच काढून टाकलेला असतो. पण घाणीचं तेल तळणीत लवकर धूर सोडतं. तळणाला रिफाइंड शेंगदाणा चांगला.

भजी-वड्याचा गाडा लावणाऱ्या ताईंशी जरा स्पष्ट बोलते. काळं पडलेलं, फेस धरणारं, चिकट झालेलं तेल नव्या तेलात मिसळू नका. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात खराब घटक वाढत जातात. ते 25 टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायला 2018 पासून कायद्यानं मनाई आहे. मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण नाक-डोळे आहेत ना? आपल्या गाड्यावर आपलीच लेकरं खातात. एकदा तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा.

आता खरेदी. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. काही पिशव्या दिसायला तेवढ्याच, आत तेल कमी. भाव विचारण्याआधी वजन वाचा. माणशी दिवसाला 25 ग्रॅम, म्हणजे पाच छोटे चमचे धरले, तर पाच माणसांना महिन्याला पावणेचार किलो पुरतं. शेतात राबणारीला थोडं जास्त. याहून फार लागत असेल तर आधी हात आखडा, मग तेल बदला. वाचलेल्या पैशात थोडं घाणीचं बसतं.

घाणीवर अडीच किलो शेंगदाण्याचं साधारण किलोभर तेल निघतं. बी आपलं असेल तर गाळपाची मजुरी तेवढी द्यायची. पेंड तिथंच सोडून येऊ नका, म्हशीला होते.

शनिवारपर्यंत प्रत्येक गटानं घरनिहाय यादी द्या. घाणीचं किती, पिशवीचं किती, वेगवेगळं लिहा. घरात करडई असेल तर पोत्यांचा आकडाही टाका.