मुक्या जिवांची साक्ष

भिलाईच्या उत्तरेस अहिवारा नावाचे एक गाव आहे. शेजारीच नंदिनीच्या खाणी. तेथल्या चुनखडीच्या दगडावर भिलाईच्या पोलादाच्या भट्ट्या पोसल्या गेल्या. विदर्भातून पोटापाण्यासाठी तिकडे गेलेल्या मराठी माणसांच्या वस्तीत माझे लहानपण गेले. थंडीच्या दिवसांत एखाद्या घरी तान्हे मूल तापाने फणफणले, की आयाबाया त्याचे झबले वर सारून छातीकडे निरखून पाहत. श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली, की त्या हलक्या आवाजात म्हणत, "पसली चालू लागली." आमच्या घरची मराठी आणि शेजारणीची छत्तीसगढी यांत अंतर होते, पण हे दोन शब्द ऐकल्यावर दोन्ही घरांतल्या चेहऱ्यांवर उमटणारी भीती एकच असे.

श्रोतेहो, त्या बायकांचे निदान अचूक होते. आजही आरोग्यसेविकेला हेच शिकवितात : दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर न्युमोनियाचा संशय घ्यावा. मग कुणीतरी सायकल काढून कंपाउंडरला आणी आणि सुईतून पेनिसिलिन दिले जाई. पुष्कळदा मूल वाचे. हे औषध न्युमोनियावर चालेल, हे प्रथम कुणाच्या जिवावर कळले, असा प्रश्न आम्हांला तेव्हा पडला नाही. तो मला फार उशिरा पडला.

आरंभ सशापासून करावा लागतो. १८८१ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग या दोघांनी, एकमेकांस नकळत, माणसाची लाळ सशांना टोचली. पाश्चरने घेतलेली लाळ एका मृत मुलाची होती. स्टर्नबर्गने तर स्वतःचीच घेतली. ससे मेले, आणि त्यांच्या रक्तात जोडीजोडीने राहणारे जंतू दिसले. धडधाकट माणसाच्या तोंडात सुखाने नांदणारा जंतू सशाच्या देहात शिरताच मारक ठरतो, हे केवळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कधीच उमगले नसते. हाच पुढे न्युमोनियाचा प्रमुख जंतू म्हणून ओळखला गेला.

त्यानंतर उंदीर आले. १९३८ साली लायोनेल व्हिट्बी यांनी 'एम अँड बी ६९३' या गंधकयुक्त औषधाचा गुण उंदरांवर पारखला. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात न्युमोनियाच्या शंभर रोग्यांना ते देण्यात आले. औषध न मिळालेल्या शंभरांपैकी २७ दगावले होते. औषध मिळालेल्यांपैकी ८. मग २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डला फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले गेले आणि त्यांतील चौघांना पेनिसिलिन दिले गेले. नॉर्मन हीटली रात्रभर बसून होते. पहाटेपर्यंत औषध न दिलेले चारही मेले. उरलेले चार जिवंत होते.

पण येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्या दिवशी उंदरांऐवजी गिनीपिग हाताशी असते, तर कदाचित पेनिसिलिन विषारी म्हणून बाजूला पडले असते. कारण त्या प्राण्याला ते सोसत नाही. प्राण्याची साक्ष खोटी नसते, पण ती त्या प्राण्यापुरती असते. तिचा अर्थ लावणारा माणूस मात्र चुकू शकतो. उंदरावर यशस्वी झालेली कितीतरी औषधे माणसाजवळ येऊन निष्फळ ठरली आहेत. म्हणून प्राण्यावरचा प्रयोग हा निकाल समजू नये. पुढे पाऊल टाकावे की टाकू नये, एवढेच तो सांगतो.

आता आपल्याकडची हकीकत. २०२० साली करोनाची साथ आली. या रोगात माणूस मरतो तो बहुधा फुप्फुसे सुजून, म्हणजे न्युमोनियानेच. कोव्हॅक्सिन ही देशी लस माणसांना व्यापक प्रमाणावर देण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला ती माकडांवर पडताळावयाची होती. माकडे मात्र मिळेनात. टाळेबंदीमुळे माणसांकडून मिळणारे खाणे बंद झाल्याने ती खोल रानात निघून गेली होती. महाराष्ट्राच्या वनखात्याने कित्येक दिवस रान धुंडाळले, आणि अखेर ती नागपूरच्या बाजूस सापडली, असे वैद्यकीय संशोधन परिषदेचे तेव्हाचे प्रमुख बलराम भार्गव यांनी आपल्या पुस्तकात लिहिले आहे.

पुण्यास वीस माकडांचे पाच-पाचांचे चार गट केले गेले. तीन गटांना लसीचे निरनिराळे प्रकार दोनदा दिले, चौथ्याला नुसतेच निरुपद्रवी द्रव्य. दुसऱ्या मात्रेनंतर चौदा दिवसांनी साऱ्यांना जिवंत विषाणू देण्यात आला. लस न मिळालेल्या पाचांच्या फुप्फुसांत न्युमोनिया आढळला. लस मिळालेल्यांत तो नव्हता. हा वृत्तांत मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसाचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली अशी तपासणी जिवंत माणसांच्या गटावर करता येत नाही. या प्रयोगाचे सारे मोल तेथे आहे, आणि सारी किंमतही तेथेच आहे.

ज्या देशात माकडाला हनुमंताचे रूप मानून शेंगदाणे घालतात, तेथे ही किंमत मनाला टोचणारच. आणि टोचू नये असे मला वाटत नाही. आपल्याकडे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्याने प्रयोगांस बंदी घातली नाही, पण ज्यावाचून चालेल असा प्रयोग टाळावा आणि अटळ असेल तेथे वेदना कमी कराव्यात, असे बंधन घातले. २०२३ साली औषधांच्या चाचणीचे नियम बदलून, माणसाच्या पेशींपासून केलेल्या कृत्रिम ऊतींसारख्या साधनांनाही मान्यता मिळाली. इवल्या पट्टीवर फुप्फुसाच्या पेशी वाढवून त्यांना श्वासासारखी हालचाल देता येते. मात्र त्या पट्टीला ताप येत नाही, तिचे रक्त यकृतातून फिरत नाही, आणि श्वास घेताना तिची पसली चालत नाही. तोवर पुण्यातल्या पिंजऱ्यांना पूर्ण सुट्टी मिळेल, असे मला दिसत नाही.