देव काय म्हणाला?

(आसगाव येथे रोवणीनंतरच्या उपासनेत केलेले भाषण)



रोवणी आटोपली, म्हणून आज बायाही मोठ्या संख्येने आल्या आहेत, याचा मला फार आनंद वाटतो. दिवसभर बांधीत वाकून काम केल्यावर प्रार्थनेला वेळ कुठून आणायचा, असे तुमच्यापैकी अनेकींनी मला विचारले होते. आज त्यावरच बोलायचे आहे. पण आधी माझी स्वतःची एक चूक तुमच्यापुढे कबूल करते.

पलीकडच्या टोलीवर एक आदिवासी कुटुंब राहते. ते आपल्या मंडळीतले नाही, पण घरोब्याचे आहे. त्यांच्या नातवाचे हातपाय वरचेवर दुखत. मी त्या वाटेने निघाले की आजी दारात येई आणि म्हणे, "ताई, पोरासाठी देवाजवळ बोला जी." मी डोळे मिटून दोन मिनिटे प्रार्थना करी, आमेन म्हणे आणि पुढच्या घरी जाई. असे वर्षभर चालले. मला वाटे, मी माझे कर्तव्य केले.

एके दिवशी आमेन म्हणून मी चपला घालत होते. आजीने विचारले, "मंग देव काय म्हनला जी, ताई?"

तिने थट्टा केली नव्हती. मी एवढा वेळ बोलले, तर समोरून काही उत्तर आले असेल, असे तिला मनापासून वाटले. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण ऐकण्यासाठी मी कधी थांबलेच नव्हते. मी चपला काढल्या आणि परत ओसरीवर बसले. मनात म्हटले, प्रभू, आता तू बोल.

आवाज वगैरे काही आला नाही. पण गप्प बसल्यामुळे मी त्या मुलाकडे प्रथमच नीट पाहिले. त्याचे डोळे पिवळसर होते. वयाच्या मानाने तो फार लहान दिसत होता. मग मी विचारू लागले. दुखणे किती दिवस राहते? ताप येतो का? घरात आणखी कोणाला असे होते का? आजी हळूच म्हणाली, त्याची एक आत्या अशाच दुखण्यात लहानपणी गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. रक्त तपासले. सिकलसेल निघाला.

विदर्भात, विशेषतः आपल्या आदिवासी बांधवांत, हा आजार बराच आढळतो. रक्तातल्या गोल, मऊ पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. तो आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता चारात एक असते. हा कोणाचा कोप नाही, करणी नाही आणि पापाची शिक्षाही नाही. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. लग्नाआधी मुलामुलीचे रक्त तपासून घ्या, हे मी या व्यासपीठावरूनही सांगते. तेही प्रार्थनेच्या विषयात बसते.

बंधुभगिनींनो, वर्षभर मी प्रार्थना केली आणि वर्षभर ते लेकरू औषधावाचून राहिले. देवाने माझे ऐकले नाही असे मी म्हणणार नाही. मीच त्याचे ऐकले नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसे अन्नाविना मरत होती. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. रमाबाई मोठ्या प्रार्थनाशील बाई होत्या. पण प्रार्थना करून त्या पुण्यात बसून राहिल्या नाहीत. त्या स्वतः इकडे आल्या, उपाशी, निराधार मुलींना त्यांनी सोबत नेले आणि केडगावच्या मुक्तीमध्ये त्यांना आसरा, शिक्षण व काम दिले. गुडघे टेकून उठल्यावर पाय कुठे जातात, यावरून आपली प्रार्थना कळते.

प्रभूने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना आपण दर रविवारी म्हणतो. तिच्यात 'मी' आणि 'माझे' हे शब्द एकदाही येत नाहीत. बाप आमचा, भाकर आमची, क्षमाही आम्हांला. ज्याच्या घरी आज भात शिजला नाही, त्याला वगळून ती प्रार्थना म्हणताच येत नाही.

आता वेळेचा प्रश्न. तासभर मिळत नसेल तर तासभर नको. पहाटे चूल पेटवताना देवाचे आभार माना. बांधीच्या धुऱ्यावरून चालताना एका माणसाचे नाव घेऊन त्याच्यासाठी मागा. रात्री दिवा मालवण्याआधी घरातल्या सर्वांनी पाच मिनिटे एकत्र बसा, आणि त्यातले एक मिनिट कोणीही बोलू नका. ते गप्प राहणे सर्वांत कठीण आहे, पण माझ्या अनुभवाने तेच फार गरजेचे आहे.

आणि आपल्या बोलीत प्रार्थना करा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात. नागपूरहून तिकडे जाणारी गाडी आपल्याच जिल्ह्यातून जाते. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्यांनी अभंग सोडला नाही. त्याच चालीत ते प्रभूला आळवत राहिले. ज्या भाषेत आपण लेकराला जवळ घेतो, ती देवाला चालते. पुस्तकी शब्द सापडत नाहीत म्हणून कोणी मागे बसू नये.

तो मुलगा बरा झाला का, असे तुम्ही विचाराल. नाही. तो रोज औषध घेतो, भरपूर पाणी पितो, आजी त्याला थंडीपावसात जपते. दुखण्याचे दिवस कमी झाले आहेत, संपलेले नाहीत. मागच्या महिन्यात तो रात्रभर रडला, तेव्हा त्याच्या आईने मला विचारले, एवढी प्रार्थना करूनही का? माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेथशेमाने बागेत प्रभूने तीनदा प्रार्थना केली, तरी प्याला टळला नाही. शिष्यांनी आपल्यासोबत जागे राहावे, एवढेच त्याने त्यांच्याकडे मागितले होते, आणि ते झोपी गेले. मी त्या रात्री उजाडेपर्यंत तिच्याजवळ बसले.

आज घरी जाताना प्रत्येकाने एक नाव मनात घ्यावे. आठवडाभर त्या माणसासाठी प्रार्थना करावी आणि रविवारपूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन यावे. जे या वार्तापत्रातून हे भाषण वाचतील आणि दुरून आमच्यासाठी प्रार्थना करतात, त्यांनाही मी हीच विनंती करते.

प्रभू आपणा सर्वांना बोलायला आणि ऐकायला शिकवो. आमेन.