आधी काम, मग हत्यार

(जवळा बाजार येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



पत्रिकेवर माझा विषय ‘लहान ॲप-कंपनीची स्थापना आणि कार्य’ असा छापला आहे. ॲप म्हणजे काय, हे सांगण्यात मी आपला वेळ दवडणार नाही. कारण या मंडपात ज्याच्या खिशात दहावीस ॲपे नाहीत असा गृहस्थ सापडणे कठीण, आणि त्यांपैकी दोघातिघांच्या ॲपांनी तर मी उभा राहिल्यापासून वाजून आपली हजेरीही लावली आहे. (हशा) वाजू द्या. माझी तक्रार नाही. फक्त एक मौज सांगतो. ‘ॲप’ हा शब्द मराठीत लिहावयाचा तर ‘अ’वर अर्धचंद्र असलेले जे अक्षर लागते, ते युनिकोड नामक जागतिक अक्षरसूचीत स्वतंत्रपणे दाखल झाले २००८ साली, त्याच वर्षीच्या जुलैत ॲपल कंपनीने ॲपांचे आपले दुकान उघडले, आणि ऑक्टोबरात अँड्रॉइडचा बाजार भरला. म्हणजे माल आणि त्या मालाचे नाव लिहिण्याचे अक्षर, दोन्ही एकाच वर्षी पेठेत उतरले. योगायोग खरा, पण ज्या वस्तूचे नाव लिहिण्याचे अक्षरही नुकतेच हाती आले, तिचा व्यापार आपण किती उत्साहाने स्वीकारतो, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

आता विषयाकडे. माझे एक वेड आहे, आणि ज्यांनी मला पूर्वी ऐकले आहे त्यांच्या चेहऱ्यावरून ते त्यांना ठाऊक असल्याचे दिसते. कोणताही कसबी सुतार आपल्या वाकसाचा दांडा स्वतः घालतो. दांडा किती लांब हवा हे त्याच्या मनगटाला कळते, ते त्याने कोणत्या ग्रंथातून काढलेले नसते. हत्यार हे कामाचे अपत्य आहे. आधी काम, मग हत्यार. हा क्रम ज्याने उलटा केला त्याची कंपनी स्थापनेच्या दिवशीच बुडाली, आणि बुडाल्याची बातमी त्याला दोन वर्षांनी पोहोचली, एवढाच काय तो फरक, असे माझे ठाम मत आहे.

उदाहरण घ्या. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर. दहावीनंतर शाळा सोडून हे गृहस्थ पुण्यात गणनयंत्रे दुरुस्त करण्याच्या दुकानात महिना सुमारे ४०० रुपयांवर कामाला लागले, पुढे दुरुस्तीचे स्वतःचे लहानसे दुकान थाटले, आणि बँकांतील यंत्रे दुरुस्त करता करता संगणकांपर्यंत येऊन ठेपले. धाकटे बंधू संजय महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुकानात दुरुस्तीला येणारे संगणक विषाणूंनी पछाडलेले असत. आज साफ करून दिलेला संगणक आठ दिवसांत पुन्हा त्याच व्याधीने दारात हजर. या रोजच्या जाचातून सुटण्यासाठी संजयने विषाणू काढण्याची आज्ञावली लिहिली, आणि तीच १९९५ मध्ये ‘क्विक हील’ या नावाने बाजारात आली. कंपनीचे मूळ नाव वेगळे होते. २००७ साली मालाचेच नाव कंपनीला मिळाले, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत ती शेअर बाजारात दाखल झाली. आता यात स्थापना कोणत्या दिवशी झाली म्हणावयाची? निबंधकाच्या दप्तरी जी तारीख असेल ती असो. माझ्या हिशेबी तोच संगणक दुसऱ्यांदा दुरुस्तीला आला, त्या दिवशी ही कंपनी स्थापन झाली.

कोणी म्हणेल, हे जुने झाले, शिवाय ते पुणे. आमच्या मराठवाड्याचे काय? तेही सांगतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात सांगवी पाटण नावाचे गाव आहे. तेथील दादासाहेब भगत यांनी दहावीनंतर आयटीआय केले, पुण्याची वाट धरली, आणि इन्फोसिसच्या कचेरीत महिना ९,००० रुपयांवर ऑफिसबॉयची नोकरी पत्करली. ज्या मेजांवर हा मुलगा चहापाणी पोहोचवी, त्या मेजांवर माणसे बसल्या जागी काय करतात म्हणून इतका पैसा मिळवितात, हे कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. आणि पदवीवाचून जे शिकता येण्यासारखे होते ते, म्हणजे चित्ररचना आणि ॲनिमेशन, तो नोकरी सांभाळून शिकला. पुढे एका अपघाताने त्याला अंथरुणावर खिळविले, तेव्हा पडल्या पडल्या त्याने चलच्चित्रांना लागणारे तयार साचे करून विकावयास आरंभ केला. साचे करता करता ते करण्याचे हत्यारच आपण का घडवू नये, असे मनात आले, आणि त्यातून ‘डूग्राफिक्स’ ही कंपनी निघाली. २०२० च्या टाळेबंदीत तो गावी परतला. गावात इंटरनेटचा दुष्काळ. टेकडीवर मात्र संकेत मिळे. टेकडीवर होता गुरांचा गोठा. त्या गोठ्यात संगणक मांडून गावची मुले हाताशी घेऊन त्याने कंपनी चालविली, आणि पुढे ‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वात उद्योजक अमन गुप्ता यांनी १० टक्के भागासाठी त्याच्या कंपनीला १ कोटी रुपये देऊ केले.

आपण टाळ्या वाजविल्यात त्या कोटीच्या आकड्याला, हे मी ओळखले. मला त्या आकड्याचे अप्रूप नाही. मला मोलाचे वाटते ते हे की, साच्यांचे हत्यार घडविण्यापूर्वी या माणसाने स्वतःच्या हाताने साचे घडविले होते. कोणता रंग कोठे भरावा यासाठी किती वेळा बोट उचलावे लागते, हे त्याच्या बोटाला ठाऊक होते.

हे मी इतक्या आवेशाने का सांगतो, असा प्रश्न येथील कित्येकांना पडला असेल. कारण उलटा क्रम मी स्वतः करून पाहिला आहे. ही हकीकत दोन वाक्यांत सांगून पुढे जाण्याचा माझा विचार होता.

साल १९९६. मी तेव्हा परभणीत संगणकाचे वर्ग चालवीत असे, आणि फॉक्सप्रो येते म्हणजे जगातील कोणतेही दप्तर आपल्या मुठीत आले, असा माझा त्या वयाला शोभणारा समज होता. याच पंचक्रोशीतील एका आडत दुकानाचे मालक मजकडे आले. नाव सांगत नाही; त्यांचे नातू येथे बसले असण्याचा संभव आहे. ते म्हणाले, “मास्तर, आमची हिशेबपट्टी यंत्रावर निघेल का?” मी म्हणालो, “आठ दिवसांत.” आणि आठ दिवसांत मी आज्ञावली लिहिलीही! वजन घाला, भाव घाला. हमाली, तोलाई, आडत आपोआप वजा होऊन खाली बाकी येई, आणि छपाईयंत्र करकरत पट्टी बाहेर काढी. दुकानात सगळे उठून पाहू लागले. उठले नाहीत ते एक मुनीम. गादीवर मांडी घालून, मांडीवर लाल कापडी बांधणीची लांबलचक वही ठेवून ते शांतपणे पाहत होते. पट्टी त्यांच्या हाती दिली तेव्हा त्यांनी ती वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि एवढेच विचारले, “मास्तर, यात उचल कोठे आहे?”

मी विचारले, “उचल म्हणजे?” (हशा)

आपण हसलात, मला त्या दिवशी हसू आले नव्हते. पेरणीला, लग्नाला, दवाखान्याला शेतकरी दुकानातून जी रक्कम उचलतो आणि माल आल्यावर जी पट्टीतून वळती होते, ती उचल. आपल्यापुढे याचे निरूपण करणे म्हणजे काशीत जाऊन गंगा दाखविणे होय. मी घाईघाईने यंत्रात उचलीचा रकाना केला आणि तो नावाशी जोडून दिला. हळदीचा हंगाम लागला. हळकुंडांची पोती येऊ लागली, गड्डे वेगळे, हळकुंडे वेगळी, काटा दिवसभर चालू. आणि तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ हातात पट्टी घेऊन उभे राहिले. पट्टी रोमन लिपीत छापलेली, तेव्हा अक्षर त्यांना लागत नव्हते. पण अपेक्षेपेक्षा रक्कम कितीतरी कमी आहे हे कळण्यास अक्षराची गरज नव्हती. ते माझ्याकडे आले नाहीत. त्यांनी तो कागद मुनिमांच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, मी तर औंदा काहीच उचललं नाही.”

मुनिमांनी वही उघडली. एकाच गावचे, एकाच नावाचे, आणि वडिलांचेही नाव एकच असलेले दोन खातेदार त्या दुकानाशी व्यवहार करीत होते. वहीत एकापुढे बारीक अक्षरात लिहिले होते ‘पाटाकडचे’, दुसऱ्यापुढे ‘लिंबाखालचे’. माझ्या यंत्राने निःपक्षपातीपणे लिंबाखालच्यांची उचल पाटाकडच्यांच्या पट्टीतून वसूल केली होती! मालकांनी गादीखालून रक्कम काढून त्या गृहस्थांना दिली, चहा पाजला, आणि माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. माझा संगणक पुढे वर्षभर सुतळीच्या लडी ठेवण्याच्या कामी आला. निघताना मुनीम मला दाराशी म्हणाले, “मास्तर, तुम्ही वही वाचली नाहीत, वहीची लांबीरुंदी मोजलीत.” तीस वर्षे होत आली, मला मिळालेली दुसरी सगळी प्रशस्तिपत्रे मी हरवून बसलो आहे, हे एक जवळ आहे.

चिटणिसांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले, ते माझ्या ध्यानात आले आहे. तेव्हा कंपनीचे ‘कार्य’ झरझर उरकतो. गुगलच्या दुकानात ॲप ठेवण्यासाठी २५ डॉलर एकदाच भरावे लागतात, ॲपलकडे ९९ डॉलर दरसाल. म्हणजे भांडवलाची सबब कोणी सांगू नये. संकेत नसला तरी ॲप चालले पाहिजे, यासाठी मोबाइल प्रथम स्वतःजवळ कच्ची नोंद करतो आणि संकेत मिळताच दूरच्या यंत्रावरील पक्क्या खतावणीत ती चढवितो; दोन मोबाइलांवरून एकाच खात्यात वेगवेगळ्या नोंदी आल्या तर कोणती ग्राह्य धरावी, याचा नियम आधीच ठरवावा लागतो, आणि लहान कंपन्यांची निम्मी झोप याच नियमापायी उडते. कीर्द आणि खतावणी ठाऊक असलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसते. संगणकाची पदवी घेतलेल्यांना मात्र मी ते तासन्‌तास समजावून सांगितले आहे. ई-पीक पाहणीचे सरकारी ॲप १५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झाले आणि पेऱ्याची जी नोंद तलाठी करीत ती शेतकऱ्याने बांधावर उभे राहून छायाचित्रासह करावी असे ठरले, त्याविषयीही बरेच बोलता आले असते. पण तलाठी भाऊसाहेब पहिल्या रांगेत बसले आहेत आणि मला उद्या त्यांच्याकडे फेरफाराचे काम आहे. (हशा)

एक गोष्ट मात्र सोडवत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरच्या मध्यानंतर व्यक्तिगत नावाने खाते उघडणाऱ्या नवख्याला गुगल आपल्या दुकानात एकदम शिरू देत नाही. किमान बारा माणसे सलग चौदा दिवस परीक्षक म्हणून त्याच्या ॲपशी जोडलेली असली पाहिजेत, अशी अट आहे. आधी वीस माणसे लागत, पुढे बारा केली. बारा माणसे! अहो, गावगाड्याला बारा बलुतेदार पुरत, ते काय उगीच? आमच्या मुनिमांना चौदा दिवस वापरावयास दिले असते तर पाटाकडचे आणि लिंबाखालचे पहिल्याच आठवड्यात वेगळे झाले असते.

मागून एका तरुण मित्राची चिठ्ठी आली आहे. “म्हणजे आम्ही इंजिनिअरिंग शिकू नये काय?” असा तिचा आशय आहे, आणि स्वर जरा रागाचा आहे. बाळा, राग बरोबर आहे. शिकावेच. संजय काटकर शिकले नसते तर कैलासरावांच्या दुकानात संगणक येत राहिले असते आणि जात राहिले असते. येथून जवळच दुधाळ्याला गुरुत्वलहरींचा माग काढणारी प्रयोगशाळा उभी राहत आहे. तेथे मुनिमाच्या वहीने काम भागेल असे मी म्हटलेले नाही. दोन भावांपैकी एकाचा हात यंत्रात होता आणि दुसऱ्याचा ग्रंथात. माझे म्हणणे इतकेच की ग्रंथवाला भाऊ दुकानात बसत होता. आणि हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगतो असा जो आक्षेप माझ्यावर घेतला जातो, त्याला माझे उत्तर असे की प्रत्येक गावात ते सांगण्याची गरज पडते.

अध्यक्षमहाराजांची चिठ्ठी दुसऱ्यांदा आली, आता आवरतो. नामदेवांसाठी औंढ्याचे देऊळ फिरले, ती कथा आपल्याला मी सांगावी असे नाही. मी कंपनीच्या स्थापनेकडे तोंड करून उभा राहिलो होतो आणि देऊळ फिरून मुनिमांच्या गादीसमोर आले. याचे पुण्य त्यांचे, दोष माझा.

ज्या मुलामुलींच्या मनात कंपनी काढावयाची आहे, त्यांना माझी विनंती आहे. नाव ठरवू नका, चिन्ह काढू नका, घरच्यांकडे भांडवलाचा तगादा लावू नका. एक हंगाम कोणाच्या तरी कामाशेजारी बसा. आडतीवर बसा, दूध संकलनावर बसा, मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसा. तेथे तुम्हाला रकाने सापडतील आणि रकान्यांच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलेले ते दोन शब्दही सापडतील. उद्या सकाळी बाजार समितीच्या आवारात काटा सुरू होईल. वही आणि पेन्सिल घेऊन जा. मोबाइल खिशातच असू द्या.