रोजनिशीत आधी तारीख



पत्रिकेवर विषय छापला आहे ‘रोजनिशी लिहिण्याचे महत्त्व’. लिहिल्याने मन हलकं होतं, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं असेल. १९८६ मध्ये अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी काही विद्यार्थ्यांना मनातलं दुखणं चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला लावलं. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. छान आहे. मी त्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर मागच्या वेळेसारखी पत्रं येतील. (हशा)

पण माझं म्हणणं निराळं आहे आणि जिथे बोलावतात तिथे मी तेच सांगते. रोजनिशी आपल्यापेक्षा आपल्या मागून येणाऱ्यांसाठी लिहायची असते. म्हणून तिच्यात आधी तारीख, मग घटना आणि उरलेल्या जागेत भावना.

शिवजयंतीच्या तारखेचा वाद तुम्हां सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही. एवढंच पाहा, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली छापली. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातलं हे टिपण. शके १५४० ते १६१९ एवढा काळ. वर्णन नाही, अलंकार नाहीत. शक, महिना, तिथी आणि काय घडलं ते थोडक्यात. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही शिवजन्माची तिथी तिच्यात मिळाली, शिवभारत या काव्याशी ती जुळली, आणि आज आपण १९ फेब्रुवारी धरतो. बखरींत पानंच्या पानं लिहिलेली आहेत, पण निवाड्याच्या वेळी कामी आलं ते हे कोरडं टिपण.

बरं, ही शकावली म्हणजे रोजनिशी नव्हे, असं कुणीतरी म्हणेलच. मान्य. मग खरी रोजनिशी सांगते. पाँडिचेरीचे आनंदरंग पिल्लै. व्यापारी माणूस, पुढे गव्हर्नर डुप्लेच्या काळात फ्रेंचांचा मुख्य दुभाषी. ६ सप्टेंबर १७३६ रोजी त्यांनी तमिळमध्ये लिहायला घेतलं आणि सुरुवातीलाच ठरवून टाकलं की कानांवर येईल ते, डोळ्यांना दिसेल ते, जहाजं कोणती आली-गेली ते लिहायचं. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं लिहिलं. कुणाला किती तोफांची सलामी झाली, कुणाला विडा दिला, बाजारात काय आवई उठली, गव्हर्नर कुणावर चिडला. या माणसाला कुठलीच गोष्ट किरकोळ वाटली नाही.

आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे १७४०. रघूजी भोसले कर्नाटकात उतरले. मे महिन्यात दमलचेरीच्या खिंडीत नवाब दोस्त अली मारला गेला आणि त्याच्या घरची माणसं आश्रयाला पाँडिचेरीत आली. आपण ही स्वारी मराठ्यांच्या घोड्यावर बसून वाचतो. पिल्लै तटाच्या आत आहेत. मराठे आता इथवर येतात की काय, या धास्तीत गाव कसं होतं ते तिथून दिसतं. आपल्याच इतिहासाची दुसरी बाजू एका तमिळ व्यापाऱ्याने लिहून ठेवली! जानेवारी १७६१ मध्ये पिल्लै गेले. त्याच महिन्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडली आणि इकडे पानिपत झालं. वह्या तशाच पडून होत्या. १८४६ मध्ये त्या गालवा-माँब्रँ या फ्रेंच गृहस्थांच्या नजरेस आल्या. पुढे १९०४ ते १९२८ या काळात इंग्रजी भाषांतराचे बारा खंड निघाले. मला खरं तर डुप्लेच्या बायकोबद्दलही सांगायचं होतं... कार्यवाहांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. (हशा)

मघाशी आणखी एक चिठ्ठी आली, ती जास्त महत्त्वाची. एक बाई विचारतात, “आमच्यासारख्यांच्या आयुष्यात लिहिण्याजोगं काय घडतं?”

बाई, तुमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय आहे ना? त्याच्या चौकोनांत काय लिहिता? दूध अर्धा लिटर जास्त. आज सिलिंडर लावला. कामाला बाई आली नाही, तिच्या मुलीला ताप. (टाळ्या) तारीख आहे, घटना आहे, माणूस आहे. आपल्या शहरात घर कसं चालत होतं, हे पुढे कुणाला अभ्यासायचं झालं तर याहून चांगला कागद मिळायचा नाही. आणि आपण काय करतो? जानेवारीत तो रद्दीत घालतो. राजेरजवाड्यांची दप्तरं सरकार सांभाळतं. तुमचं दप्तर तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?

तेव्हा झटपट सांगते. जुनी कॅलेंडरं टाकू नका, वर्षवार गुंडाळून ठेवा. वहीला एक जानेवारीचा मुहूर्त लागत नाही, आज रात्री तीन ओळी लिहा. भाव लिहा, कांदा काय किलो, रिक्षाला किती पडले. चार दिवस राहून गेले तर राहू देत, पाचव्या दिवशी पुन्हा तारीख घाला.

आणि शेवटचं. ‘मावशी आल्या होत्या’ एवढ्यावर भागवू नका. कोणत्या मावशी, आडनाव काय, कुठल्या गावाहून आल्या आणि का आल्या, ते लिहा. वाचणाऱ्याने तुमच्या मावशींना पाहिलेलं नसेल.