बिलात न येणारा खर्च
(वार्षिक सभेतील व्यवस्थापकांचे भाषण)



राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे ११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने महानिर्वाण झाले. पुढे आपल्या नागपुरात त्यांच्याच नावाचे कर्करोग रुग्णालय उभे राहिले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजी दुसऱ्याच वर्षी निवर्तले, तरी त्यांच्या विश्वस्तनिधीतून १९४१ मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. घरातील दुःखाचे असे लोकसेवेत रूपांतर होऊ शकते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जमाखर्च हेच माझे काम. कायद्यानुसार धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही साहाय्य मिळते. परंतु किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येकदा पाच-सहा आठवडे चालतात. गडचिरोली, गोंदियाहून आलेल्या कुटुंबाचा मुक्काम, दोन वेळचे जेवण आणि बुडालेली मजुरी कोणत्याच बिलात येत नाही. उपचार अर्धवट सुटण्याचे एक मोठे कारण हेच.

बरा झालेला रुग्णही फेरतपासणीची तारीख जवळ आली की धास्तावतो. ज्यांचे माणूस गेले, त्यांच्यामागे दुःखाबरोबर कर्जही उरते. म्हणून देणगी देताना यंत्रसामग्रीइतकाच विचार धर्मशाळेतील खोलीचा, एस.टी.च्या भाड्याचा आणि मागे राहिलेल्या मुलांच्या शिक्षणाचाही व्हावा, ही नम्र विनंती.