रापण की स्वतःची होडी?

श्रोतेहो, मालवण-देवबागकडच्या किनाऱ्यावर एक प्रश्न घरोघर निघतो. मुलगा हाताशी आलेला असतो. तो म्हणतो, "बाबा, किती दिवस चारचौघांबरोबर दोर ओढायचा? कर्ज काढू, आपली होडी करू." वडील गप्प बसतात. आज या दोघांच्याही बाजूने थोडा हिशेब मांडू.

घाटावरच्या मंडळींसाठी आधी रापण म्हणजे काय ते सांगतो. लांबलचक जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती राहतो. होडी जाळे सोडीत समुद्रात वळसा घेते आणि दुसरे टोक थोड्या अंतरावर काठाला आणते. मग दोन्ही बाजूंनी माणसे लागतात आणि जाळे हळूहळू वाळूवर येते. बांगडा, तारली, पेडवे, जे दैवात असेल ते! विक्रीतून खर्च वजा होतो, जाळ्याचा नि होडीचा वाटा निघतो, उरलेले ओढणाऱ्यांचे. भर समुद्रात जाववत नाही असा म्हाताराही दोर धरतो, आणि त्यालाही वाटा मिळतो. जाळे रिकामे आले, तर अंगमेहनत फुकट जाते. पण तो तोटा साऱ्यांत वाटला जातो.

मग मुलाचे चुकते कुठे? तसे चुकत नाही. रापणीला माशाची वाट पाहावी लागते. बाहेरच ट्रॉलर नि पर्ससीनवाल्यांनी थवा उचलला, तर काठावरच्याने काय ओढायचे? महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारीचा कायदा केला, 2016 मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, 2021 मध्ये दंड वाढवला. पण कायदा कागदावर असून भागत नाही, पाण्यावर पहारा लागतो.

आता होडीचे बघा. मासा दिसण्याआधीच डिझेल जळते, बर्फ विरघळतो. खलाशाला आगाऊ रक्कम द्यावी लागते. जाळी फाटतात, इंजिन अडते. जून-जुलैत मासेमारी बंद. होडी झापांखाली शाकारून ठेवलेली असते, पण बँकेचा हप्ता काही शाकारता येत नाही! मासा भरपूर आला की सगळ्यांचाच येतो आणि भाव पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून मुलाला एवढेच विचारा : बाबा रे, रिकाम्या महिन्यात हप्ता कुठून भरशील? त्याच्याजवळ उत्तर असेल, तर त्याला अडवू नका. दोघातिघा भावांनी मिळून लहान होडी करावी, जवळच्या पाण्यात कांडाळ मारावी, आणि पहिल्या हंगामाची मिळकत घरबांधणीत न घालता मोडतोडीसाठी राखावी.

आणि मुलांनो, नारळी पौर्णिमेला आपल्या होडीतून नारळ सोडाल, तो आनंद मोठाच. पण रापणीतला आपला वाटा एकदम मोडू नका. गाव दोराला लागेल तेव्हा तुम्हीही हात लावा. इंजिन बंद पडेल त्या दिवशी तुमची होडी वाळूवर ओढायला हीच माणसे येणार आहेत.