गायतोंडे न्यूयॉर्कच्या भिंतीवर



ऑक्टोबर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते फेब्रुवारी २०१५ पर्यंत चाललं. आपल्या माणसाची चित्रं म्हणून कौतुकानं तिथं गेलेला मराठी प्रेक्षक आत शिरताच गोंधळला असेल, तर नवल नाही. चित्रांत ना कोकणातले माड, ना नऊवारीतली बाई. बहुतेक चित्रांना नावसुद्धा नाही.

गायतोंडे यांचं घराणं मूळचं गोव्याचं, जन्म १९२४ साली नागपूरला, बालपण गिरगावातल्या चाळीत, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. एवढं कळलं की नातं जुळतं. पण कॅनव्हाससमोर उभं राहिल्यावर ही ओळख पुरत नाही. तिथं डोळ्यांनाच कामाला लागावं लागतं.

लांबून एकरंगी वाटणारं चित्र जवळ गेलं की उलगडायला लागतं. वरच्या थराखालून आतला रंग डोकावतो, कुठे तो विरळ होतो, कुठे दाटतो, आणि मध्येच कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या खुणा तरंगताना दिसतात. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत. रंग चढवायचा, खरवडायचा, कागदाचे तुकडे दाबून रंग उमटवायचा, पुन्हा थांबायचं. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रं पुरी होत. इतक्या सावकाश घडलेलं चित्र मोबाइलवर फोटो काढत पुढे सरकणाऱ्याला काय दिसणार?

ज्या शहरात हे प्रदर्शन भरलं, तिथं स्वतः गायतोंडे १९६४ साली रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर गेले होते. २००१ साली त्यांचं निधन झालं. प्रदर्शनाचा हा मान पाहायला ते नव्हते.

आपल्याकडे अनेकांनी त्यांचं नाव प्रथम ऐकलं ते डिसेंबर २०१३ मध्ये. मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेलं, म्हणून. किंमत तोंडपाठ आणि चित्र अनोळखी, याची खंत वाटते.

न्यूयॉर्कला जाणं सगळ्यांना जमणारं नाही. पण मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंग्राहक जहांगीर निकोल्सन यांचा संग्रह आहे आणि त्यात गायतोंडे आहेत. दालनात सध्या कोणती चित्रं लावली आहेत, हे आधी विचारून जावं. सोबत मुलं असतील तर त्यांना काहीही समजावून सांगण्याआधी, त्यांना काय दिसतंय ते जरूर ऐकावं.